बायबलमध्ये 'विश्वास' म्हणजे नेमकं काय?

मराठी बायबलमध्ये 'विश्वास' हा शब्द वारंवार येतो. पण याचा अर्थ डोळे झाकून मान डोलावणं असा आहे का?

शब्दाचं मूळ काय?
जुन्या करारातला हिब्रू शब्द आहे 'एमुना', म्हणजे ठामपणा, भरवशाचं असणं. प्रार्थनेच्या शेवटचं 'आमेन' त्याच धातूतलं. नव्या करारातल्या ग्रीक 'पिस्तिस'मध्ये विश्वास ठेवणं आणि विश्वासू राहणं, हे दोन्ही अर्थ येतात.

शंका आली तर?
मार्काच्या शुभवर्तमानात (अध्याय ९) आजारी मुलाचा बाप आपला विश्वास असल्याचं सांगतो आणि त्याच दमात स्वतःच्या अविश्वासासाठी मदतही मागतो. येशू त्याला परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो.

नुसता विश्वास पुरतो का?
पौलाच्या मते माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब मात्र बजावतो की, कृतीशिवायचा विश्वास निर्जीव आहे. उपाशी माणसाला फक्त शुभेच्छा देऊन काय उपयोग, असा त्याचा सवाल आहे.

पुणे जिल्ह्यातलं उदाहरण
पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे दौंड तालुक्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळग्रस्त मुली आणि विधवांना आसरा दिला. साध्या बायकांनाही कळावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं, तर भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

याकोबाच्या प्रश्नाला केडगावात मिळालेलं उत्तर होतं: भाकरी, निवारा आणि अक्षरओळख.