पायातली वहाण आणि दख्खनची वाट

दख्खनचा इतिहास बराचसा घोड्यावर बसून लिहिला गेला आहे. तवारिखा आणि बखरी उघडल्या की स्वार किती, हत्ती किती, तोफा किती याचे आकडे सापडतात. प्याद्यांचाही आकडा मिळतो, पण ते प्यादे कशावर चालत होते हे कुणी सांगत नाही. १८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरसारख्या इंग्रज अंमलदाराने पुष्कळ लिहून ठेवलं, तेही घोड्यावरून किंवा पालखीतून दिसलेलं. पायी चालणाऱ्याच्या तळव्याखाली काय होतं, हा प्रश्न इतिहासाने क्वचितच विचारला.

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो एका बुटामुळे. किल्ले, दर्गे, पडक्या मशिदी आणि शिलालेख पाहत हिंडायचं तर पायपीट अटळ असते. त्यासाठी मी जाड गादीचा ‘ट्रेल रनिंग’ बूट घेतला आणि वर्षभर धाराशिव जिल्ह्यात वापरला. टाचेखाली साडेतीन सेंटिमीटर फोम, तळाला रबराचे दाते, वर जाळीदार कापड. खोक्यावर लिहिलं होतं, ‘सर्व प्रकारच्या जमिनीसाठी’. पोलीस भरतीची तयारी करणारी ओळखीची मुलं विचारू लागली, सर, हा घ्यावा का? एका बुटाची किंमत शेतमजुराच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीएवढी. त्यामुळे उत्तर जबाबदारीनेच द्यायला हवं.

आधी जमीन पाहू. आपल्या जिल्ह्यात तिचे निदान तीन प्रकार एका दिवसात पायाखालून जातात. परंड्याकडे काळी कापसाची माती. परंडा हा भुईकोट. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं आणि निजामशाहीची राजधानी इथे आणली. दुसरा प्रकार येडशी-रामलिंगच्या घाटातला. बालाघाटाच्या उतारावरचा मुरूम, सुटे दगड आणि झाडांची मुळं. तिसरा नळदुर्गचा. तिथे बेसॉल्टचे चिरे आणि पायऱ्या. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहायला उतरताना पावसाळ्यात दगड ओला, शेवाळलेला असतो. चिखल, खडी आणि ओला दगड या तिन्हींना पुरून उरेल असा एकच जोडा असू शकतो का?

या मुलखात धावणं हा एके काळी राज्यकारभाराचा भाग होता. १४व्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या काळी आलेल्या इब्न बतूताने पायी डाकेचं सविस्तर वर्णन केलं आहे. दर मैलाला तीन ठाणी. ठाण्यावर कंबर कसून तयार बसलेले धावपटू. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, काठीच्या टोकाला तांब्याची घुंगरं. घुंगरांचा आवाज आला की पुढचा माणूस उठून उभा राहायचा. ही डाक घोड्यांच्या डाकेपेक्षा वेगवान होती असं तो सांगतो. सुलतान दौलताबादला असताना गंगेचं पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून असंच पोहोचवलं जाई. या वर्णनात काठीची लांबी आहे, घुंगरांचा धातू आहे, पण पायातल्या जोड्याबद्दल एक शब्द नाही. अनवाणी पाय इतका नेहमीचा होता की परदेशी प्रवाशालाही तो नोंदवावासा वाटला नसेल, असा माझा तर्क आहे.

दरबारात मात्र जोड्यालाही मान होता. अकबराने कपड्यांना नवी नावं दिली, तेव्हा ‘पाय-अफजार’ या फारसी शब्दाऐवजी ‘चरणधरण’ हे नाव रूढ करायचा प्रयत्न केला. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त ते नोंदवलं आहे. बादशहाचा हा शब्द टिकला नाही, पण रस्त्यावरच्या माणसाने भाषांची सरमिसळ केव्हाच करून टाकली होती. आपली ‘वहाण’ संस्कृतातल्या ‘उपानह’पासून आली. ‘पायतण’ हे पादत्राणाचं गावरान रूप. ‘पैजार’ आणि ‘मोजा’ फारसीतून आले. अरबीत ‘नाल’ म्हणजे मुळात चप्पल. आपल्याकडे ती घोड्याच्या टापेला लागली आणि मोहरमच्या सवारीत ‘नालसाहेब’ म्हणून मानाने मिरवली जाऊ लागली. जोडा ही वस्तू हिंदू की मुसलमान, असा प्रश्न या भाषेला कधी पडला नाही.

भाषेने धर्माचा भेद मानला नाही, जातीचा मात्र मानला. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती वहाणेबद्दल नाही हेही सगळ्यांना ठाऊक आहे. गावोगावी दलितांना वरच्या आळीतून किंवा पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. ज्यांनी जोडा शिवला त्यांनाच तो घालायची मुभा नव्हती.

उमरग्याच्या पलीकडे, सीमेला लागूनच बसवकल्याण आहे. १२व्या शतकात तिथे शरण हरळय्या नावाचा चर्मकार होऊन गेला. बसवण्णांनी आपल्या नमस्काराला दुप्पट आदराने उत्तर दिलं, या ऋणातून उतराई व्हावं म्हणून हरळय्या आणि त्याच्या पत्नीने स्वतःच्या मांडीचं कातडं काढून वहाणा बनवल्या, अशी लिंगायत परंपरेतली कथा आहे. बसवण्णांनी त्या पायात न घालता डोक्यावर घेतल्या. पुढे हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लागलं आणि बिज्जळाच्या राज्यात दोन्ही बापांना देहान्त शिक्षा झाली. त्यातून कल्याणात रक्तपात झाला आणि शरणांची पांगापांग झाली. ‘वहाण पायातच बरी’ म्हणणाऱ्यांना मिळालेलं याहून मोठं उत्तर मला दख्खनच्या इतिहासात सापडत नाही.

आता धावण्याकडे परत येऊ. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. धावणारे बहुतेक खेड्यातले, शेतकरी घरांतले आणि अनवाणी. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण नव्हतं, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. हे पाहून दोराबजींनी पुढाकार घेतला आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. त्यांत बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटांत १९वे आले. भारताच्या ऑलिंपिक चळवळीची सुरुवात अशी दख्खनी अनवाणी पायांपासून झाली, हे आपल्या शाळांत सांगितलं पाहिजे.

यावरून अनवाणी धावणंच श्रेष्ठ, असा निष्कर्ष काही जण काढतात. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं उदाहरण देतात. १९६०ला रोममध्ये त्याने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, वेळ २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. पण १९६४ला टोकियोत तोच बिकिला बूट घालून ३ मिनिटांहून अधिक वेगाने जिंकला, हे सांगायचं राहून जातं. २०१०मध्ये डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की सवयीने अनवाणी धावणारे बहुधा टाचेऐवजी पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात, त्यामुळे जमिनीचा पहिला दणका कमी बसतो. म्हणजे पायालाही स्वतःची गादी आहे. पण ती कमवावी लागते आणि तिला काटा टोचतो.

बाहेरची गादी अगदी अलीकडची. १९७०च्या दशकात धावण्याच्या बुटात ईव्हीए नावाचा हलका फोम आला. २००९मध्ये फ्रान्समधल्या निकोलस मर्मू आणि जाँ-लुक डियार यांनी ‘होका’ ही कंपनी काढली. आल्प्सचे लांब उतार वेगाने उतरताना मांड्या-गुडघ्यांवरचा मार कमी व्हावा म्हणून त्यांनी तळ जाडजूड केला. तेव्हा तो विचित्र दिसला, आज बहुतेक सगळ्या कंपन्या तसे बूट काढतात. मूळ प्रश्न होता डोंगर उतरण्याचा. हे लक्षात ठेवलं की आपल्या जमिनीवर तो कुठे चालेल आणि कुठे अडेल याचा अंदाज बांधता येतो.

माझा अनुभव असा. रामलिंगच्या घाटात हा बूट खरा उतरला. मुरमाच्या उतारावर दाते धरतात, टोकदार खडी तळव्याला जाणवत नाही आणि दिवसभराच्या चालीनंतर गुडघे कुरकुरत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्यांना हा फरक नक्की कळेल. नळदुर्गच्या कोरड्या दगडावरही पकड चांगली. ओल्या, शेवाळल्या पायरीवर मात्र फोमची उंचीच आड येते. पाय जमिनीपासून वर असतो, खाली काय आहे ते कळत नाही आणि घोटा कलतो. तिथे पातळ तळाचा जोडा बरा. परंड्याच्या ओल्या काळ्या रानात तर कुणाचंच चालत नाही. दहा पावलांत दात्यांच्या फटी भरतात आणि बूट मणाचा होतो. तिथला शेतकरी जोडा काढून हातात का घेतो, हे तिथे चालल्याशिवाय कळत नाही. चौथी परीक्षा सराट्याची. मऊ फोममध्ये सराटे नि बाभळीचे काटे रुतून बसतात. टायरच्या तळाची चप्पल या बाबतीत कुठल्याही महागड्या बुटाला हरवते.

शेवटची कसोटी दुरुस्तीची. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची, खिळा न मारता वादीने शिवलेली कोल्हापुरी तुटली तर कोपऱ्यावरचा कारागीर शिवून देतो. २०१९ला या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात आपल्या शेजारचा सोलापूरही आहे. पण २०१५च्या गोवंश कायद्याने बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. खाटीक, चामडं कमावणारा आणि चप्पल शिवणारा अशी मुसलमान-दलित कारागिरांची जी साखळी पिढ्यान् पिढ्या होती, तिला धक्का बसला. २०२५मध्ये ‘प्राडा’ने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि ओरड झाल्यावर भारतीय प्रेरणा मान्य केली. ओरडणाऱ्यांपैकी कितींनी कारागिराला चामडं कुठून मिळतं हे विचारलं? फोमचा बूट तर दुरुस्तच होत नाही. गादी एकदा बसली की वरचं कापड धड असूनही तो फेकावा लागतो.

म्हणून भरतीच्या मुलांना माझं उत्तर असं. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, तेही मैदानावर. त्यासाठी डोंगरी गादीचा महाग बूट लागत नाही. मापाचा, हलका, साधा बूट घ्या, सराव हळूहळू वाढवा आणि अनवाणी धावण्याची सवय असेल तर तिची लाज बाळगू नका. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला पायी जायचा. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवलं. घाटवाटांनी नेहमी फिरणाऱ्यांनी आणि गुडघ्यांची काळजी असणाऱ्यांनी परवडत असेल तर हा बूट जरूर घ्यावा, पावसाळ्यात ओल्या दगडावर मात्र सावध राहावं.

‘सर्व प्रकारच्या जमिनीसाठी’ असा जोडा दख्खनमध्ये कधीच नव्हता, आजही नाही. कोजागरी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला हजारो लोक पायी जातात, कितीतरी जण अनवाणी. धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन यांच्या दर्ग्यातही जोडा उंबऱ्याबाहेरच ठेवावा लागतो. तिथे हजारांचा बूट आणि टायरची चप्पल एकाच रांगेत असतात. त्या रांगेतला प्रत्येक जोडा कुणाच्या तरी हातांनी घडलेला असतो. इतिहासाने त्यांतल्या एका हरळय्याचं नाव जपलं. बाकीच्यांची नावं शोधणं अजून बाकी आहे.