वार सुटत नाही तेव्हा

मुरुमहून बोलतोय. आजचा भाग बाळंतपणाच्या इतिहासातला, आणि त्यातही वारेचा.

2014 सालची नागपूरची बातमी काहींना आठवत असेल. मध्य प्रदेशातली साठीची एक बाई पोटदुखी घेऊन तिथल्या एन. के. पी. साळवे वैद्यकीय संस्थेत आली. शंका कॅन्सरच्या गाठीची होती. निघाला गर्भाचा सांगाडा, तब्बल 36 वर्षांपूर्वीचा! 1978 मध्येच तिला सांगितलं होतं की गर्भ पिशवीबाहेर आहे, दगावलाय, ऑपरेशन करावं लागेल. ती घाबरली आणि गावी परतली.

तिला भित्री म्हणू नका. या ऑपरेशनची भीती मोठमोठ्या सर्जननाही होती. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे लॉसन टेट यांना 1881 मध्ये अशाच एका बाईचं ऑपरेशन करा म्हणून सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला, बाई गेली. 1883 मध्ये मात्र त्यांनी फुटलेली गर्भनलिका बांधून रक्तस्राव थांबवला आणि रुग्ण वाचली.

नलिका काढता येते. पण वार आतड्याला चिकटली असेल तर? गर्भपिशवीत वार सुटली की पिशवी आकसते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आतड्याला असं आकसता येत नाही. वार ओढली की रक्ताचा पाट वाहतो. म्हणून पुष्कळदा डॉक्टर नाळ वारेजवळ बांधून वार पोटातच राहू देतात. ती हळूहळू जिरते. हात आवरणं हेच इथे कौशल्य.

पिशवीतसुद्धा वार अडकते. 1937 मध्ये बॉस्टनच्या अर्विंग आणि हर्टिग यांनी अशा केसेस नीट मांडल्या: वार आणि स्नायू यांच्यामधला अस्तराचा थर नसला की ती सुटतच नाही. सिझरच्या व्रणावर हा थर विरळ असतो. आणि गंमत बघा, 1978 मध्येच दक्षिण आफ्रिकेतून सिझरच्या व्रणात रुजलेल्या गर्भाची पहिली नोंद छापून आली. असा गर्भ वाढू दिला तर वार स्नायूत घुसते, कधी थेट मूत्राशयापर्यंत जाते.

हे आपल्याला का सांगतोय? कारण आता सिझर घरोघरी झालंय. आपल्या उमरगा तालुक्यातून अशी अवघड केस सोलापूरला किंवा लातूरला न्यायची म्हणजे वाटेतला वेळ जातो, आणि रक्तस्राव वेळ देत नाही. टेटकडे सोनोग्राफी नव्हती, आपल्याकडे आहे. आधी सिझर झालेलं असेल आणि पुन्हा दिवस गेले, तर सहा-सात आठवड्यांतच सोनोग्राफी करून घ्या आणि डॉक्टरांना सरळ विचारा, 'गर्भ नेमका कुठे रुजलाय?' पोटात दुखलं, चक्कर आली, रक्त गेलं तर तेवढीही वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

हा भाग घरातल्या बायकांनाच नाही, सासूबाईंना आणि नवऱ्यालाही ऐकवा. भेटू पुढच्या भागात.