मोटारगाडीचे भारविभाजन

मोटारगाडीचे वजन तिच्या पुढील व मागील आसांवर ज्या प्रमाणात वाटले जाते, त्यास भारविभाजन म्हणतात. ते टक्क्यांत सांगण्याचा प्रघात असून पुढील आसावरील भार आधी देतात. नांदगावसारख्या (जि. नाशिक) बाजाराच्या गावी येणारी बैलगाडी भरतानाही हेच तत्त्व पाळावे लागते. माल आसाच्या फार पुढे रचला, तर बैलांच्या मानेवर जू दाबते. फार मागे रचला, तर जू वर उचलले जाते. मोटारगाडीला दोन आस असल्याने हा दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो वेगात वळताना वा ब्रेक लावताना प्रत्ययास येतो.

परिणाम : पुढील भागी जड, म्हणजे अग्रभारी, गाडी वेगात वळताना पुढच्या टायरांवर अधिक ताण पडतो आणि चालकाने सुकाणू फिरविले त्या मानाने गाडी कमी वळते. पृष्ठभारी गाडीत याउलट मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा संभव असतो. पहिला दोष सामान्य चालकास सावरण्यास सोपा, तर दुसरा अधिक धोक्याचा आहे. शर्यतीच्या वा जलद गाडीत मात्र पहिल्या दोषाने वेळ वाया जातो व पुढचे टायर लवकर झिजतात. ब्रेक लावताच काही भार पुढे सरकतो. उदा., 1,300 किग्रॅ. वजनाच्या, 2.5 मी. चाकांतराच्या व 55 सेंमी. उंचीवर गुरुत्वमध्य असलेल्या गाडीचे विभाजन 62 : 38 असल्यास, जोराच्या ब्रेकने (गुरुत्वीय प्रवेगाच्या 0.8 पट मंदन) पुढील आसावर सु. 80 टक्के भार येतो. कसारा घाटासारख्या उतारावर त्यात आणखी भर पडते.

इतिहास : एंजिन पुढे व चालक चाके मागे ही मांडणी फ्रान्समधील पानार कंपनीने 1891 च्या सुमारास रूढ केली. पुढे 1959 मध्ये इंग्लंडमधील ‘मिनी’ गाडीत ॲलेक इसिगोनिस यांनी एंजिन आडवे बसवून पुढचीच चाके चालविली. त्यामुळे आतील जागा वाढली, परंतु सर्व जड यंत्रणा पुढील आसाजवळ एकवटली. शर्यतींच्या क्षेत्रात वाट निराळी होती. कूपर गाडीने एंजिन चालकाच्या मागे व मागील आसाच्या पुढे ठेवून 1959 चे जागतिक अजिंक्यपद जॅक ब्रॅबम यांस मिळवून दिले आणि लवकरच ही मांडणी सर्वमान्य झाली. एंजिन पुढेच ठेवून दंतचक्रपेटी मागील आसाशी नेण्याचा मध्यममार्ग लान्चिया ‘ऑरेलिया’ (1950) व पोर्श ‘924’ (1976) या गाड्यांत दिसतो. पोर्श ‘911’ चा दोष उलट, म्हणजे पृष्ठभारी होता. 1969 च्या नमुन्यात तिचे चाकांतर 57 मिमी.ने वाढवून व एका विद्युत् घटमालेऐवजी दोन लहान घटमाला पुढे बसवून तो सौम्य करण्यात आला.

अग्रभारी जलद गाडीचे ठळक उदाहरण म्हणजे जर्मनीची आउडी ‘क्वाट्रो’ (1980) होय. तिचे पाच सिलिंडरांचे एंजिन पुढील आसाच्याही पुढे होते. चारही चाके चालविल्यामुळे निसरड्या वाटांवर तिने रॅलींत वर्चस्व मिळविले, पण वळणांवर ती सरळ जाऊ पाही. 1984 मध्ये चाकांतर 32 सेंमी.ने घटविले व एंजिनाचा ठोकळा ॲल्युमिनियमचा केला. 1985 च्या नमुन्यात रेडिएटर व विद्युत् जनित्र मागे नेले. तरीही 1985 व 1986 ची उत्पादकांची अजिंक्यपदे मध्यभागी एंजिन असलेल्या प्यूजो गाडीने जिंकली. मूळ मांडणीतील दोष सुटे भाग हलवून पुरता जात नाही, हे यावरून स्पष्ट झाले. 2007 मध्ये आउडी ‘ए-5’ गाडीत विभेदी दंतचक्रे क्लचच्या पुढे घेऊन पुढील आस 15.4 सेंमी. पुढे सरकविण्यात आला.

महाराष्ट्रात : वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील फियाट (पुढे ‘पद्मिनी’) गाडीत एंजिन पुढे व चालक चाके मागे होती. पुण्याच्या ‘टाटा इंडिका’त (1998) आडवे एंजिन व चालक चाके पुढेच होती. ‘टाटा नॅनो’त (2009) दोन सिलिंडरांचे एंजिन मागे असल्याने मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद ठेवले होते. 2012 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘डीसी अवंती’त रेनोचे एंजिन आसनांमागे बसविले होते.

उपाय व मर्यादा : तयार गाडीत एखादा भाग मागे नेल्याने मागील आसावर वाढणारा भार = भागाचे वजन × सरकविलेले अंतर ÷ चाकांतर. वरील गाडीतील 20 किग्रॅ.ची घटमाला पुढील आसावरून मागील आसावर नेली, तर पुढील भार 62 वरून सु. 60.5 टक्क्यांवर येतो. तेवढेच वजन पुढील आसावरून काढून टाकले, तर तो सु. 61.4 टक्के होतो. मात्र एकूण वजन घटल्याचा लाभ वेगळा मिळतो. मागे शिसे वा अन्य भार टाकणे हा सर्वांत गौण उपाय होय. कारण त्याने वजन वाढते आणि टोकाशी ठेवलेल्या भारामुळे निरूढी परिबल वाढून गाडी दिशा बदलण्यास व फिरू लागल्यास थांबण्यास मंद होते. घटमाला आसनांच्या भागात नेल्यास ती घट्ट जखडणे, तिची वायुनलिका बाहेर काढणे व विद्युत् तारेस एंजिनाकडील लांब पल्ल्यासाठी घटमालेजवळच वितळतार बसविणे आवश्यक असते. अन्यथा अपघातात आग लागण्याचा धोका उद्भवतो. विभाजन बदलल्यावर ब्रेकांचा पुढील-मागील समतोल, स्प्रिंगा व टायरांतील हवेचा दाब यांचीही फेरजुळणी करावी लागते. मागची चाके आधी जखडली गेल्यास गाडी गरकन फिरते.

विद्युत् मोटारगाडीत जड घटमाला दोन्ही आसांमध्ये तळाशी पसरल्याने हा प्रश्न मुळातच बदलला आहे. चाकण येथे बनणाऱ्या महिंद्र ‘बीई 6’ गाडीत (2024) घटमाला तळाशी व मोटर मागील आसाशी आहे. तथापि 50 : 50 हे प्रमाण म्हणजे स्वतः साध्य नव्हे. टायर, ब्रेक व चालक चाके ज्या भाराला अनुरूप आहेत तेच विभाजन त्या गाडीस योग्य ठरते.