पाण्याचा वरचा पदर



मागावरून उतरलेलं कोरं सुती कापड बादलीत टाकलं तर ते लगेच बुडत नाही, हे भिवंडीत कोणालाही ठाऊक आहे. चिमूटभर साबणचुरा टाका, की कापड भिजून खाली बसतं. पाणी तेच, कापड तेच. साबण आधी बदलतो तो पाण्याचा अगदी वरचा पदर. या पदराचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत, आणि तो सुरू होतो एका स्वयंपाकघरात.

अ‍ॅग्नेस पॉकेल्स ही जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावची मुलगी, जन्म १८६२ चा. तिला विज्ञानाची भारी ओढ. पण मुलींची शाळा संपली आणि शिक्षण थांबलं, कारण तिकडच्या विद्यापीठात तेव्हा बायकांना प्रवेशच नव्हता. धाकटा भाऊ शिकायला गेला, ही घरी आजारी आईवडिलांची सेवा करत राहिली. भांडी घासताना तिचं लक्ष पाण्यावरच्या तेलकट थराकडे गेलं. विशीत असताना तिने पत्र्याची एक पसरट पन्हाळ केली, तिच्यावर सरकणारी पत्र्याची पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्यावरचा थर दाटायचा किंवा विरळ व्हायचा. पाण्यावर एक बटण टेकवायचं आणि ते उचलायला किती जोर लागतो ते तराजूने मोजायचं. बटण सहज सुटलं, तर पाण्याचा ताण कमी. एवढंच तिचं यंत्र.

दहा वर्षं हे काम घरातच राहिलं. १८९१ च्या जानेवारीत तिने इंग्लंडमधले नामांकित शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅले स्वतः त्याच विषयावर काम करत होते. पत्र दडपणं त्यांना अवघड नव्हतं. पण त्यांच्या पत्नीने त्या जर्मन पत्राचं भाषांतर केलं आणि रॅले यांनी ते 'नेचर' या साप्ताहिकाकडे धाडलं. मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे लँगम्यूर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तशाच पन्हाळीवर काम वाढवलं आणि १९३२ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी अ‍ॅग्नेसला तिच्या गावच्या विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा ती सत्तर वर्षांची होती.

ताण मोजता आला, पण तिथे रेणू कसे उभे आहेत हे दिसत नव्हतं. पाण्याचा रेणू म्हणजे एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन. ऑक्सिजन डोकं, हायड्रोजन हात असं समजा. हे हात सतत थरथरतात. शेजारणीचा हात धरलेला असेल तर थरथर वेगळी, मोकळा असेल तर वेगळी. ही थरथर प्रकाशाने ओळखता येते. त्याची एक मोठी वाट आपल्याच देशात सापडली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवलं, की रेणूवर आदळून परतणाऱ्या प्रकाशातल्या थोड्या भागाचा रंग बदलतो, आणि त्या बदलावरून रेणूची थरथर कळते.

हेही सांगायलाच हवं. याच रामन यांनी १९३३ साली बंगळुरूच्या संस्थेत कमला भागवत या मुंबईहून पदवी घेऊन आलेल्या मुलीला, बाई आहे म्हणून, प्रवेश नाकारला. ती हटली नाही. शेवटी अटी घालून घेतलं. ह्याच पुढे डॉ. कमला सोहोनी. शोध मोठा म्हणून बाकीचं विसरावं, असं आम्हाला वाटत नाही.

तरी पाण्याचा वरचा पदर लपूनच होता. प्रकाश टाकला की खालच्या अगणित रेणूंचीच गडबड ऐकू येते, वरच्या थराचा आवाज त्यात बुडतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कले इथे युएन-रॉन शेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती काढली. दोन लेसर किरण, एक डोळ्यांना दिसणारा आणि एक न दिसणारा अवरक्त, एकाच ठिकाणी पाडायचे. त्यातून दोघांच्या बेरजेचा तिसरा प्रकाश निघतो. पाण्याच्या आत रेणू सगळ्या दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे तिथली बेरीज एकमेकींना खोडते. पृष्ठभागावर एक बाजू हवेची, म्हणून तिथली उरते. १९९३ साली त्यांना दिसलं, की वरच्या थरातल्या शंभरातल्या वीसहून अधिक रेणूंचा एक हात हवेत मोकळा असतो. धरायला वर कोणी नाही!

आता साबण. २००९ साली जपानच्या रिकेन संस्थेत याच पद्धतीत सुधारणा करून पाहिलं गेलं. शाम्पू-टूथपेस्टमध्ये असतो तसा ऋण भाराचा फेसकारी पदार्थ पाण्यावर पसरला, की खालच्या पाण्याचे रेणू हात वर करतात. धन भाराचा पसरला, की उलटे होऊन हात खाली करतात. कपडे मऊ करायला शेवटच्या पाण्यात घालतो ते द्रव्य धन भाराच्याच जातीचं असतं.

हे तंत्र आता आपल्यापासून फार लांब नाही. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या बेरजेच्या प्रकाशाने पाण्याचा पृष्ठभाग तपासतात. पाण्यात मीठ विरघळलं, वर स्निग्ध पदार्थाचा थर पसरला, तर रेणू कुठे तोंड करतात ते पाहतात. स्निग्ध थराचं एवढं महत्त्व कशाला? आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीचं आवरण तशाच स्निग्ध रेणूंचं असतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाणीच असतं.