डग्लस ते गेटिसबर्ग : एका आगबोटीची तीन नावे

मराठीतील ‘नाकेबंदी’ हा शब्द मुळात जमिनीवरचा आहे. नाका म्हणजे वाटेवरील चौकी. ती रोखली की मार्ग बंद होतो. समुद्रावर असा नाका नसतो. तेथील बंदी केवळ जाहीरनाम्याने होत नाही. ती राखण्यास जहाजे लागतात. नाकेबंदी परिणामकारक असेल तरच ती इतर राष्ट्रांवर बंधनकारक, हे तत्त्व १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात नमूद झाले. १९ एप्रिल १८६१ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी अमेरिकेतील बंडखोर दक्षिणी राज्यांची नाकेबंदी पुकारली, तेव्हा सुमारे ३,५०० मैलांचा किनारा राखण्याइतके आरमार त्यांच्यापाशी नव्हते. ही उणीव कशी भरून निघाली, याचे उत्तर काही अंशी एका आगबोटीच्या चरित्रात सापडते.

ही चाकांची आगबोट १८५८ मध्ये ग्लासगो येथे रॉबर्ट नेपियर यांच्या कारखान्यात बांधली गेली. आइल ऑफ मॅन बेटाच्या उतारू-वाहतुकीसाठी ती होती व त्या बेटावरील डग्लस शहराचेच नाव तिला मिळाले. तिचा वेग हा तिचा मुख्य गुण. त्याच गुणामुळे १८६२ मध्ये ती दक्षिणेच्या पक्षाकडे विकली गेली. ‘मार्गारेट अँड जेसी’ हे नाव धारण करून ती नॅसोहून चोरवाटेने माल नेऊ लागली व परतताना कापूस आणू लागली. मे १८६३ मध्ये बहामा बेटांतील एल्यूथेराजवळ अमेरिकन युद्धनौकेने तिचा पाठलाग केला, तेव्हा ती किनाऱ्यावर चढवावी लागली. तेथूनही ती सुटली. परंतु ५ नोव्हेंबर १८६३ रोजी ‘फुल्टन’ या लष्करी वाहतूक-नौकेने, ‘कीस्टोन स्टेट’ व ‘नॅन्समंड’ यांच्या साहाय्याने, तिला पकडले.

येथून तिच्या आयुष्याचा तिसरा खंड सुरू होतो. २ मे १८६४ रोजी ती ‘गेटिसबर्ग’ या नावाने उत्तरेच्या आरमारात दाखल झाली. तिचे अधिपत्य लेफ्टनंट रॉझवेल लॅमसन यांच्याकडे आले. पाठलाग करणाऱ्या ‘नॅन्समंड’चे अधिकारी तेच होते. जी नौका पळून जाण्यासाठी उपयोगी पडत होती, तीच आता पळणाऱ्यांस गाठू लागली. जुलैमध्ये तिने ‘लिटल एडा’ धरली, ऑगस्टमध्ये ‘लिलियन’ धरण्यास साहाय्य केले. आणि या दोन्ही नौकाही पुढे आरमारातच सामील झाल्या. चोरट्या व्यापाराने उत्तम आगबोटी जमविल्या आणि त्याच त्या व्यापाराच्या नाशास कारण झाल्या, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

जानेवारी १८६५ मध्ये विल्मिंग्टन बंदराचे रक्षण करणाऱ्या फोर्ट फिशरवरील हल्ल्यात या नौकेचे खलाशी उतरले. लॅमसन स्वतः जखमी झाले. १५ जानेवारीस किल्ला पडला आणि दक्षिणेचे अखेरचे मोठे व्यापारी द्वार मिटले.

हा इतिहास आपणांस परका नाही. याच नाकेबंदीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, हिंदी कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका व भरणीच्या कंपन्या निघाल्या, भागांचा सट्टा माजला. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो सारा डोलारा कोसळला व अनेक घराणी धुळीस मिळाली. विल्मिंग्टनसमोर पहारा करणाऱ्या खलाशांना मुंबईचा कापूसबाजार ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तथापि त्यांच्या पहाऱ्यावर त्या बाजाराचे भाव अवलंबून होते.

शांततेच्या काळात ‘गेटिसबर्ग’ने समुद्र-मापनाचे काम केले. १८७६ मध्ये लेफ्टनंट कमांडर हेन्री गॉरिंज यांच्या अधिपत्याखाली पोर्तुगालच्या नैर्ऋत्येस तिने समुद्राखालील एका उंच पर्वताचा शोध लावला. मे १८७९ मध्ये जिनोआ येथे ती विकली गेली. त्या पर्वताला गॉरिंज यांचे नाव लाभले असून त्याच्या एका शिखरास आजही ‘गेटिसबर्ग’ असेच म्हणतात. पहिली दोन नावे मालकांबरोबर बदलली. तिसरे मात्र नौका गेल्यावरही नकाशावर राहिले. ते युद्धात मिळाले असले तरी टिकले ते ज्ञानकार्यामुळे, ही गोष्ट नामाभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.