मातीचीं जनावरें आणि मृतांचा संसार



मन आणि म्हैस या नद्यांच्या कांठीं वसलेल्या बाळापुरांत, किंबहुना वऱ्हाडांतील कोणत्याहि गांवीं, पोळ्याच्या दिवशीं एक दृश्य हमखास दिसतें. ज्याच्या दारीं बैल नाहीं, तो गृहस्थ मातीची बैलजोडी पाटावर मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितो. ही जोडी नांगर ओढणार नाहीं, हें त्याला ठाऊक असतें. तरी पूजेला ती पुरते. खऱ्या जनावराची जागा मातीच्या जनावरानें घ्यावी, या कल्पनेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं, शांग राजवटींत, चीनमधील राजा वारला म्हणजे त्याच्याबरोबर घोडे, रथ आणि माणसेंहि पुरलीं जात. परलोकींचा संसार इहलोकींच्यासारखाच चालावा, ही त्यामागील श्रद्धा. पुढें या बळींची जागा हळूहळू मातीच्या प्रतिमांनीं घेतली. हें स्थित्यंतर एकाएकीं झालें नाहीं. इ. स. पूर्व २१० मध्यें वारलेल्या शी ह्वांग सम्राटाच्या थडग्याजवळ मातीचे सैनिक व घोडे १९७४ सालीं सांपडले. परंतु त्याच परिसरांत खऱ्या घोड्यांचे सांगाडेहि निघाले.

हान वंशांतील जिंग सम्राट इ. स. पूर्व १४१ मध्यें निवर्तला. त्याच्या समाधीभोंवतीं पुरलेलीं मातीचीं डुकरें, शेळ्या, गाई, कुत्रे आणि कोंबड्या ओळीनें उभ्या केलेल्या आढळतात. जणू एखाद्या सुखवस्तु शेतकऱ्याचा गोठाच! थांग वंशाच्या काळांत, म्हणजे ६१८ ते ९०७ या वर्षांत, ही कला कळसास पोहोंचली. साच्यांत घडविलेले घोडे आणि दोन मदारींचे उंट पिवळसर, हिरव्या व पांढुरक्या झिलईनें रंगविले जात. झिलईंत शिसें असे. व्यापारी मार्गावरील ओझीं पाठीवर घेतलेला हा उंट वास्तविक पाहतां मध्य आशियाच्या व्यापाराची साक्षच होय. विसाव्या शतकाच्या आरंभीं ल्वोयांग नगरीच्या परिसरांत लोहमार्ग घालतांना अशीं थडगीं उघडीं पडलीं, आणि त्यांतील कितीतरी मूर्ति परदेशच्या संग्रहालयांत गेल्या.

आतां आपल्याकडे वळूं. नागपूरजवळील माहुरझरी येथें डॉ. शांताराम भालचंद्र देव यांच्या नेतृत्वाखालीं १९७० ते १९७२ या काळांत शिलावर्तुळांचें उत्खनन झालें. इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकांतील त्या दफनांत मृताबरोबर घोड्याचे अवशेष, तांब्याचें अश्वशिरोभूषण आणि लोखंडी लगाम मिळाले. येथें मृताला दिलेला घोडा मातीचा नव्हता. तो खरा, जिवंत होता. उलट, पुणें जिल्ह्यांतील घोड नदीकांठच्या इनामगांवीं, त्याहून जुन्या वस्तींत, घराच्या जमिनीखालीं मातीची एक पेटी निघाली. तिच्यांत स्त्रीमूर्ति होती. शिवाय एक शिर नसलेली स्त्रीमूर्ति आणि मातीचा बैलहि मिळाला. तें थडगें नव्हतें. तरी मातीच्या बैलावर श्रद्धा ठेवणें आपल्या भूमीला नवें नाहीं, हें त्यावरून दिसतें.

दोन्ही देशांतील शोक एकच होता. गेलेल्या माणसाला रित्या हातानें पाठवूं नये, एवढीच त्यामागील भावना. परंतु एकानें ती प्राण घेऊन व्यक्त केली, तर दुसऱ्यानें मातीला आकार देऊन. माझ्या मतें, कुंभाराच्या हातांनीं मानवाच्या श्रद्धेला अधिक दयाळू केलें. आणि हा विजय कोणत्याहि सम्राटाच्या विजयाहून लहान नाहीं.

विदर्भांतील शिलावर्तुळें शेतांत आणि माळरानांवर उभीं आहेत. कोणी त्यांचे दगड बांधासाठीं नेतो, कोणी खाणीसाठीं जमीन फोडतो. दगड हलला कीं वर्तुळ मोडतें, आणि कोणता घोडा कोणाबरोबर निजला होता, हें सांगणारा पुरावा कायमचा नष्ट होतो. तेव्हां येत्या पोळ्याला मातीच्या बैलापुढें हात जोडतांना त्या दगडांचेंहि स्मरण ठेवावें, एवढीच विनंति.