कोल्हापूरचें शाहू मैदान

कोल्हापूरचें नांव निघालें कीं अंबाबाईचें देऊळ, रंकाळा आणि कुस्ती यांचें स्मरण प्रथम होतें. त्याच गांवाच्या पेठांना फुटबॉलनें पिढ्यान्‌पिढ्या वेड लावलें आहे, हें परगांवच्या माणसाला सांगितल्यावांचून कळत नाहीं. इतर शहरांत हा खेळ बहुधा पलटणी, कॉलेजें आणि मिशनच्या शाळा यांच्या आश्रयानें वाढला. कोल्हापुरांत त्यानें बिऱ्हाड केलें तें तालमींत. आणि छत्रपति शाहू स्टेडियमचें वैभव व त्याचीं दुखणीं हीं दोन्हीं या एका गोष्टींतून निघालीं आहेत.

तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा आखाडा नव्हे. ती पेठेची चावडी असते. तेथें गणपति बसतो, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, आणि पेठेंतील भांडण बाहेर जाण्यापूर्वीं तेथेंच मिटतें. पोरें वयांत येतात तींही तिच्याच कट्ट्यावर. तेव्हां चेंडूचा नाद लागल्यावर या पोरांनीं निराळा क्लब काढण्याऐवजीं तालमीचेंच नांव घेऊन मैदानांत उतरावें, हें स्वाभाविक होतें. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाळ तालीम मंडळ हीं नांवें ऐकून नवख्याला पहिलवानांचीच आठवण व्हावी. पण आज तीं फुटबॉलच्या संघांचीं नांवें आहेत.

मात्र कुस्ती आणि फुटबॉल यांत जागेचा मोठा भेद आहे. आखाडा दोन माणसांपुरता असला तरी भागतें, म्हणून प्रत्येक पेठेला आपला स्वतःचा आखाडा करतां आला. फुटबॉलच्या मैदानाची लांबी नियमाप्रमाणें निदान 90 मीटर व रुंदी निदान 45 मीटर लागते. दाट वस्तीच्या पेठेंत एवढी जागा कोठून यावी? अर्थात् सर्वांना मिळून एकच मैदान हवें होतें, आणि सर्वांवर एक पंचही हवा होता.

असें सामाईक स्थान उभारण्याचा धडा कोल्हापूरला पूर्वींच मिळाला होता. 1902 सालीं युरोपांत गेलेल्या शाहू महाराजांनीं रोमचें प्राचीन रंगमंडळ पाहिलें, आणि परतल्यावर कांहीं वर्षांनीं खासबागेचें कुस्तीचें मैदान बांधविलें. तें 1912 सालीं पुरें झालें. मध्यें खोलांत आखाडा व सभोंवतीं चढत जाणारी बैठक, यामुळें शेवटच्या रांगेंतील शेतकऱ्यालाही डाव स्पष्ट दिसे.

फुटबॉलची व्यवस्था लावण्यासाठीं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था 1940 सालीं राजाश्रयानें निघाली. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत राजाराम महाराजांचा देहान्त झाला. 1 मार्च 1949 रोजीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. संस्थान गेलें, पण संस्था राहिली. आणि मौज अशी कीं शाहू महाराजांच्या नांवाचें हें स्टेडियम विलीनीकरणानंतरच, शहाजी महाराजांच्या पुढाकारानें, 1960 च्या सुमारास उभें राहिलें. राजघराण्याचा या खेळाशीं असलेला संबंध अजूनही तुटलेला नाहीं.

मैदानाभोंवतीं पायऱ्यांची बैठक आहे. मोठ्या सामन्याला ती भरून जाते, व कोणत्या पेठेनें कोठें बसावें हें कोणी न सांगतां ठरलेलें असतें. वरिष्ठ गटांत 16 संघ खेळतात. आधीं साखळी सामने, मग एकामागून एक बाद पद्धतीच्या स्पर्धा. कलकत्ता आणि मुंबई येथें फुटबॉलचा मोसम पूर्वापार पावसाळ्याचा. कारण मैदानें मऊ असत आणि क्रिकेट बंद असे. कोल्हापुरांत उलट आहे. येथील पाऊस इतका जोराचा कीं त्यांत मैदान टिकणें कठीण. म्हणून सामने हिवाळ्यांत सुरू होतात आणि भर उन्हाळ्यापर्यंत चालतात. एवढ्या संघांचे पाय महिनोन्‌महिने एकाच हिरवळीवर पडतात. तिला पाणी घालून जगवणें हें येथील न दिसणारें मोठें काम आहे.

पेठेचा अभिमान हा मैदानाचा प्राण, तसाच त्याचा रोगही. गोल नाकारला गेल्यावर तो संघावरील अन्याय राहत नाहीं, गल्लीवरील अन्याय होतो. प्रेक्षकांत हाणामाऱ्या झाल्या आहेत आणि त्यापायीं सामने थांबविण्याचे प्रसंगही आले आहेत. जिंकण्याच्या ईर्ष्येनें कांहीं संघांनीं आफ्रिकन खेळाडूही आणले. त्यानें खेळ वेगवान् झाला हें खरें. पण पेठेंतील एखाद्या पोराची जागा गेली, हेंही तितकेंच खरें.

2023 च्या जानेवारींत संतोष ट्रॉफीच्या एका गटाचे सामने या मैदानावर झाले, आणि इतर प्रांतांच्या संघांनाही कोल्हापूरच्या गर्दीचें दर्शन घडलें. परंतु गर्दी आणि शिक्षण या दोन निराळ्या वस्तु आहेत. 2017 सालीं दिल्लींत सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेंत भारताचा संघ अमेरिका, कोलंबिया व घाना यांच्याशीं खेळला; त्यांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तालमींच्या गांवांत वाढलेल्या या मुलाला पद्धतशीर शिक्षणासाठीं मात्र पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत जावें लागलें होतें.